कोळसेवालीची रेघ

माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. तीस वर्षं ज्योतीपुढे बसून काच फुंकणाऱ्या माणसाचा स्वभाव थंड कसा राहील, हे मात्र कुणी सांगत नाही. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर माझी खोली आहे. वरच्या तीन मजल्यांवरचे शास्त्रज्ञ कागदावर वेडीवाकडी चित्रं काढून खाली पाठवतात आणि मी त्यांची काचेची भांडी करून देतो. कुणाला चार तोंडांचं हवं असतं, कुणाला पोटात पोट असलेलं. फुटलं की तेच लोक तोंड पाडून परत येतात. मी आधी ओरडतो, मग जोडून देतो.

मला सगळे मामा म्हणतात, त्याला कारण माझी भाची. पाच वर्षांपूर्वी ती तिसऱ्या मजल्यावर पीएचडीला आली आणि पहिल्याच दिवशी जिन्यातून तिने "मामाऽऽ" अशी हाक मारली. तेव्हापासून संचालकसुद्धा मामा म्हणतात. मामा बनवणं म्हणजे काय ते ठाऊक असल्यामुळे सुरुवातीला मी चिडायचो. मग सवय झाली.

तिला संस्थेत कोळसेवाली म्हणतात, कारण ती केसांचा कोळसा करते. कोपऱ्यावरच्या सलूनमधून पिशव्या भरभरून केस आणते. आमच्याच घरी राहते, त्यामुळे पहिली पिशवी आमच्या बाल्कनीत आली होती. भाजीत एक केस सापडला तर घर डोक्यावर घेणारी माझी बायको, तिने ती पिशवी पाहिली आणि दोन दिवस भाचीशी बोलली नाही. आता तीच शेजारणींना सांगते, आमची पोर केसांतून वीज काढते म्हणून.

वीज केसांतून निघत नाही. खरा प्रकार मला भाचीने जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या मांडून समजावला होता. एका वाटीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन. फ्युएल सेलमध्ये दोघांची गाठ घातली की वीज मिळते आणि खाली उरतं ते फक्त पाणी. धूर नाही, आवाज नाही. पण ऑक्सिजन महाआळशी. त्याला कामाला लावायला प्लॅटिनम लागतं, आणि जगात प्लॅटिनम आहेच किती? भाचीचं म्हणणं, तेच काम कोळसा करील. केसांत नायट्रोजन आणि गंधक आयतंच असतं, आणि त्यांच्यामुळेच कोळशात ती ताकद येते. केस धुवायचे, बारीक कातरायचे, मिठात कालवायचे आणि हवा लागू न देता नऊशे अंशांवर भाजायचे. मग पाण्यात टाकलं की मीठ विरघळून जातं आणि मिठाच्या जागी भोकं उरतात. एका ग्रॅम कोळशातल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर पाच-सहा टेनिस कोर्टं झाकतील, असं ती म्हणते. मी मोजायला गेलो नाही. पण त्यात धातूचा कणही नाही, यावर तिचं सगळं काम उभं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या कोळशाने प्लॅटिनमला गाठलं. त्यानंतर मागेही टाकलं. तिसरा मजला नुसता नाचत होता. तिच्या सरांनी तर लगेच वरच्या समितीला कळवून टाकलं. ही समिती तीन जणांची. खरा, चालता फ्युएल सेल बांधायला कुणाच्या प्रयोगशाळेचा माल घ्यायचा, ते ती ठरवणार होती. भाचीचा प्रबंधही त्याच निकालावर टांगलेला. समिती यायची त्याच्या आदल्या दिवशी सकाळी भाची माझ्या खोलीत आली, हातात काचेचं भांडं घेऊन.

"मामा, मान तडकलीय. दुपारपर्यंत देशील?"

हे भांडं मी तिला दोन वर्षांपूर्वी करून दिलं होतं, आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो, तसं भांडं मी पुन्हा केलेलं नाही. आत ॲसिड. वरून एक दांडी येते, तिच्या टोकाला कोळशाचा काळा ठिपका, दांडी गरगर फिरते. समोर प्लॅटिनमची तार, मी काचेत अशी बसवलेली की सांधा शोधून सापडू नये. कोळशात वीज जायची तर दुसरं टोक कुठेतरी हवं, ते टोक म्हणजे ही तार. बाजूच्या यंत्राच्या पडद्यावर एक रेघ उमटते. रेघ जितकी उजवीकडे, तितका माल भारी.

"तडकली कशी?" मी आवाज चढवला.

"अरे, आनंदाने आपटली! ऐक ना, कालची रेघ परवाच्याही पुढे गेलीय. रोज पुढे जातेय, मामा. कोळसा वापरून वापरून सुधारतोय!"

"वापरून वापरून सुधारलेली वस्तू मी तरी बघितली नाही. चपला झिजतात, दात झिजतात."

"तुला ना, कुणाचं चांगलं बघवत नाही," असं म्हणत ती जिन्याकडे पळाली. दोन-दोन पायऱ्या गाळत गेली.

तार त्याच मानेत बसवलेली, म्हणून मी भांडं कापलं, तार मोकळी केली. आणि नेहमीप्रमाणे ती तराजूवर ठेवली. ज्यांनी मला काम शिकवलं त्या उस्तादांची शिस्त होती: प्लॅटिनम हातातून जाताना तोलायचं, परत येताना तोलायचं. हरवलं तर बोट काचवाल्याकडेच जातं. माझ्या वहीत दोन वर्षांपूर्वीचं वजन होतं. तारेचं आजचं वजन त्याहून कमी भरलं. सात दशांश मिलिग्रॅम कमी. म्हणजे एखाद्या बारक्या मुंगीएवढं.

मी तराजू पुसला आणि आणखी दोनदा तोललं. तेवढंच. तारेला काच चिकटून राहिली असती तर वजन वाढलं असतं. घटायचं कारणच नव्हतं. प्लॅटिनम काही बर्फ नाही वितळायला. मग गेलं कुठे?

मी स्टुलावर बसून राहिलो. मी शास्त्रज्ञ नाही, दहावी झालोय. पण ॲसिडमध्ये वीज खेळवली की एका टोकाचा धातू सुटून दुसऱ्या टोकावर जाऊन बसतो, एवढं मला कळतं. भांड्यांना मुलामा असाच देतात. दुसऱ्या टोकाला काय होतं? भाचीचा कोळसा. रोज थोडं प्लॅटिनम त्याच्यावर जाऊन बसत होतं आणि रोज रेघ पुढे सरकत होती. परीक्षा घेणाराच खिडकीतून चिठ्ठ्या पुरवत होता! आणि ती खिडकी मी बांधून दिली होती, सांधासुद्धा दिसू न देता.

खोटं कशाला सांगू, तार खिशात घालावी आणि गप्प बसावं असंही मनात आलं. उद्याचा दिवस पार पडला असता. ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, गावभर फोन करून झाले होते. पण हा विचार जेमतेम जिन्यापर्यंत टिकला. चढताना माझा मलाच राग यायला लागला आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी चांगलाच तापलो होतो.

"तुझ्या तारेचं वजन घटलंय," मी दारातूनच म्हणालो.

भाची उद्याची चित्रं लावत होती. "किती?"

मी आकडा सांगितला. ती हसली, मग हसू अर्ध्यावर राहिलं. पोर हुशार. मला पुढचं एक अक्षर बोलावं लागलं नाही. ती खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली.

"नाही," ती म्हणाली. "नाही, मामा. तू चुकीचं तोललंस."

"तीनदा तोललं."

"तुझा तराजू जुना आहे!"

"तराजू जुना, मी जुना, तार मात्र हलकी!"

आम्ही दोघंही ओरडत होतो. आमचं खानदानच तसं. आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून तिचे सर आले. सर माणूस वाईट नाही, फक्त घाईचा. त्यांची हयात प्लॅटिनमवर संशोधन करण्यात गेली. त्या कामात समोर प्लॅटिनमचीच तार वापरायची रीत. प्लॅटिनमवर आणखी चार कण बसले तर कुणाला काय फरक पडतो? तीच रीत कोळशाच्या कामातही तशीच चालू राहिली. कुणी विचारच केला नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, काचा पुसल्या.

"हे बघ, उद्याचा दिवस जाऊ दे," ते हळूच म्हणाले. "नंतर आपण शांतपणे तपासू."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार होतो, पण तिनेच उत्तर दिलं. "सर, नंतर कोणीतरी दुसरंच तपासेल. पितळ उघडं पडण्यापेक्षा आजच प्लॅटिनम उघडं पडलेलं बरं."

मग तिचा आवाज बदलला. "मामा, समोर तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी लावते. कार्बनला कार्बन. पण कांडी पेन्सिलीएवढी जाड, तुझ्या भांड्याच्या मानेत जाणार नाही. आणि ते जुनं भांडं मला नकोच. काचेला प्लॅटिनम लागलं असेल तर? नवं हवं. आज."

"नवं भांडं चार दिवसांचं काम आहे!"

"चार तास देते."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला मजा वाटतेय. कितीतरी वर्षांनी हात शिवशिवत होते. खाली आलो, दाराला आतून कडी घातली आणि ज्योत पेटवली. पोट फुगवलं, चार माना जोडल्या, एक मान रुंद केली. दोन्ही टोकांच्या मधे सच्छिद्र काचेचा पडदाही बसवला, म्हणजे इकडचं काही तिकडे जायला नको. एरवी असं भांडं भट्टीत रात्रभर निवू देतो. घाईने निवलेली काच आतून ताणलेली राहते, तिला शिंकसुद्धा सहन होत नाही. त्या दिवशी अडीच तासांत काढलं आणि उजेडात धरून एकेक सांधा बघितला. देवाला हात जोडले आणि मगच जिना चढलो. भांडं तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून.

संध्याकाळचे पाच वाजले होते. भाचीने बरणीतून त्याच कोळशाची नवी चिमूट घेतली. प्लॅटिनमच्या तारेचं तोंडही न पाहिलेली. काळा ठिपका दांडीच्या टोकावर वाळला, दांडी ॲसिडमध्ये उतरली, फिरायला लागली. ऑक्सिजनचे बुडबुडे सुटले. सर दाराशी उभे होते, हाताची घडी घालून.

"सुरू करू?" तिने विचारलं आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता बटण दाबलं.

रेघ निघाली. पडद्यावर प्लॅटिनमची जुनी रेघ खुणेसाठी ठेवली होती. भाचीची रेघ तिच्या डावीकडे उतरायला लागली. बरीच डावीकडे. कालपर्यंत ती प्लॅटिनमच्या पुढे होती, आज दोन बोटं मागे. सरांनी श्वास सोडला. पाच वर्षं, मी मनात म्हटलं, पोरीची पाच वर्षं.

भाची मात्र पडद्याला नाक लावून बसली होती. "पुन्हा," ती म्हणाली. दुसरी रेघ पहिल्या रेघेवरच पडली. तिसरी तिच्यावर. मग तिने यंत्राला एकामागून एक पाचशे फेऱ्या घालायला सांगितलं आणि आम्ही तिघंही तिथेच उभे राहिलो. चहा आला, गार झाला. पाचशे फेऱ्यांनंतर पुन्हा रेघ काढली. केसभरही हलली नव्हती.

"मामा!" ती किंचाळली. मला वाटलं भांडं फुटलं. "हलत नाही! बघ ना, हलत नाही! मागे आहे, पण हलत नाही!"

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे हे त्याचं स्वतःचं आहे! उसनं नाही! सर, काहीच न केलेला कोळसा कुठे असतो? इथे!" तिने पडद्यावर पार डाव्या कडेला बोट ठेवलं. "आणि हा इथे आलाय, एकट्याच्या बळावर!"

तिने माझे दोन्ही हात धरून मला गोल फिरवलं. माझं वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरतात, पण फिरलो. सर हसले नाहीत, पण पडद्याजवळ आले आणि बराच वेळ बघत राहिले. "मी दोन वर्षं ती तार बघत होतो," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. "म्हणजे पहिला नंबर गेला?" तिने विचारलं.

"गेला," भाची म्हणाली आणि एवढं जेवली की माझी बायको पातेलं बघतच राहिली. ताईचा फोन आला. तिला काय सांगायचं ते न कळून मी भाचीकडे फोन दिला आणि बाल्कनीत सटकलो.

दुसऱ्या दिवशी अकराला समिती आली. एक वयस्कर बाई, त्या प्रमुख. एक उंच गृहस्थ, एक गप्प गृहस्थ. माझं तिथे काही काम नव्हतं. पण नवं भांडं घाईत निवलेलं, ते दगा देईल तर हजर असावं, अशी सबब सांगून मी कोपऱ्यात उभा राहिलो.

भाचीने चित्रं दाखवायच्या आधीच बाईंनी विचारलं, "समोर कोणतं टोक लावलंय?"

"ग्रॅफाइट," भाची म्हणाली. "काल सकाळपर्यंत प्लॅटिनम होतं." आणि मग तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं. तार, वजन, मी, कालची संध्याकाळ. ज्या कागदावर प्लॅटिनमला मागे टाकल्याचं लिहिलं होतं तो मागे घेत असल्याचंही सांगितलं. सर बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "चूक माझ्या प्रयोगशाळेची आहे, तिची नाही." त्या वाक्यासाठी मी त्यांचे आधीचे दहा गुन्हे माफ केले.

बाई पुढे वाकल्या. "तारेचं प्लॅटिनम गेलं, मान्य. पण केसांत लोह असतं. कात्रीचा कीस असतो. तुमच्या कोळशातच धातू दडलेला नाही कशावरून?"

"तीनदा ॲसिडने धुतलाय."

"धुतलं म्हणजे गेलं असं नाही. थायोसायनेट आहे तुमच्याकडे?"

भाचीचा चेहरा उतरला. हे एक मीठ आहे, तिने मला कधीतरी सांगितलं होतं. ते धातूला जाऊन चिकटतं आणि त्याचा गळा दाबतं. लोह असो, प्लॅटिनम असो, काम बंद. कोळशाला मात्र त्याचं सोयरसुतक नाही.

"आहे," ती म्हणाली. "टाकून बघितलेलं नाही."

"का?"

"भीती वाटत होती."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मग आता टाका," म्हणाल्या.

भाचीने बाटली उघडली. ग्रॅफाइटचं भांडं सुरू होतं, काळा ठिपका गरगरत होता, रेघ कालच्याच जागी उमटत होती. धातू असेल तर आता कोसळणार आणि पाच वर्षांचं काम सगळ्यांसमोर झोपणार. तिने थेंब सोडले. एक, दोन, तीन. मी नखं खात होतो, हे बायकोला सांगू नका.

रेघ निघाली आणि जुन्या रेघेवरून चालत गेली. चालतच राहिली. शेवटपर्यंत. पुन्हा काढली, पुन्हा तीच. भाचीने तोंडावर हात ठेवला. सरांनी टेबलावर मूठ आपटली आणि मी "भांडं! भांडं!" म्हणून ओरडलो.

"थांबा," उंच गृहस्थ म्हणाले. "तुमचं ते मीठ जुनं असेल. त्याचा परिणामच होत नसेल."

माझं डोकं सटकलं. "अहो, मग ज्यात धातू आहे हे माहीत आहे त्यात टाकून बघा ना!" मी कोपऱ्यातून म्हणालो. "परवाचा ठिपका आहे की! ज्याच्यावर माझं अर्धं प्लॅटिनम बसलंय!"

सगळे माझ्याकडे वळले. पण भाचीचे डोळे चमकले. तिने डबीतून परवाची दांडी काढली. प्लॅटिनम खाऊन गुबगुबीत झालेली, तीन आठवडे सगळ्या मजल्याला नाचवणारी दांडी. स्वच्छ ॲसिडमध्ये ती लावली. पडद्यावर जुनी देखणी रेघ आली, प्लॅटिनमच्याही पुढे. काय रेघ होती! बघतच राहावी अशी. पाच वर्षांत तिच्या हातून निघालेली सगळ्यात सुंदर रेघ, आणि तिच्यावरच ताईचे सगळे फोन झाले होते.

भाचीने त्याच बाटलीतले तेवढेच थेंब टाकले. एक, दोन, तीन.

रेघ कोसळली. डावीकडे, खाली, घरंगळत गेली आणि कालच्या साध्या रेघेच्याही मागे जाऊन पडली, कारण खालचा कोळसा प्लॅटिनमने झाकलेला. सरांनी डोळे मिटले. उंच गृहस्थांच्या तोंडून "अरेरे" निघालं, आणि प्रमुख बाई भाचीकडे बघायला लागल्या, बहुतेक धीर द्यायला. पण भाचीने बाटली खाली ठेवली, "मीठ चांगलं आहे! म्हणजे माझ्या कोळशात धातू नाहीच!" म्हणाली आणि टाळ्या वाजवायला लागली. एकटीच, जोरजोरात, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. मग बाईंनी वाजवल्या, मग सरांनी, आणि शेवटी आम्ही सगळ्यांनीच.